भोयर सरांचा पांढरा उजेड

भोयर सरांना कोणी "सर, कोणती बॅटरी घेऊ?" असं विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याच्या पायांकडे बघत. चपलांना काळी माती असली तर माणूस शेतातला. बूट स्वच्छ असले तर पहाटे फिरायला जाऊन तब्येत कमावणारा. आणि अनवाणी असला तर शेजारचाच, लाइट गेली म्हणून धावत आलेला. एवढा अभ्यास झाला की मग सरांचा ठरलेला प्रश्न येई, "पाह्याचं काय हाय?"

आमच्या भागात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि ती घेताना कोणी एवढा विचार करत नाही. बॅटरीने काय बघायचं? अंधारात जे असेल ते. पण सरांना हे उत्तर चालत नसे. साप बघायचा की रोही, म्हणजे नीलगाय, विहिरीतली मोटर बघायची की गोठ्यातली गाय, हे ठरल्याशिवाय ते पुढचं अक्षर बोलत नसत. माणूस घाईत असला तर चिडून सरळ दुकान गाठायचा आणि सगळ्यात चकचकीत बॅटरी घेऊन यायचा. मग महिन्याभराने ती बंद पडली की पुन्हा सरांच्याच ओट्यावर. सर ती उघडत आणि पायांकडे न बघता विचारत, "आता सांग, पाह्याचं काय हाय?"

आर्णीच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी इतिहास. घरंही एकाच गल्लीत, त्यामुळे त्यांचा उजेड मला चुकवता आला नाही. उंच, किडकिडीत माणूस. कपडे पांढरेच घालणार. सदऱ्याच्या खिशात लोक पेन ठेवतात, हे बॅटरी ठेवत, तीही भर दुपारी. बाजारात भाजी घ्यायला गेले की तिचा उपयोग व्हायचा. भाजीवाले टमाट्यांवर तांबूस दिवा टांगतात, त्याखाली हिरवट टमाटेही लालबुंद दिसतात, हे सरांनी फार पूर्वी ओळखलं होतं. ते टमाट्यावर आपली बॅटरी मारत, बघत आणि काही न बोलता टमाटा परत ठेवत. बाजारात सगळ्यात जास्त शिव्या बहुतेक त्यांनीच खाल्ल्या असतील, आणि गल्लीत सगळ्यात चांगला टमाटाही त्यांच्याकडेच असायचा.

ते जाऊन आता वर्ष होत आलं. गल्लीत लाइट गेली की अजून एखादा माणूस सवयीने त्यांच्या ओट्याकडे वळतो आणि मध्येच थांबतो. मी खिडकीतून हे बघतो आणि मला बरं वाटत नाही.

सरांचं बॅटरीशास्त्र मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही सांगू शकेन. उजेड लांब टाकायचा तर तीन गोष्टी बघायच्या. चीप, वाटी आणि छटा. चीप म्हणजे आतला तो पिवळा ठिपका, एलईडी. ठिपका मोठा असेल तर उजेड अंगणभर सांडतो, लग्नाच्या मांडवातल्या दिव्यासारखा. ठिपका लहान आणि त्याभोवतीची चकचकीत वाटी खोल असेल तर उजेडाची दोरी होते आणि ती लांब जाते. "मोठा ब्रश आन बारका ब्रश," सर म्हणत. "आभाळ रंगवाचं तं मोठा घ्या. मिशा काढाच्या तं बारका." मोठ्या चिपेची बॅटरी घेऊन लांबचं बघू पाहणारा माणूस त्यांच्या लेखी झाडूने मिशा काढणारा होता.

पण त्यांचा जीव खरा होता तो छटेवर. खोक्यावर काही हजार केल्विन असं छापलेलं असतं, ते वाचून लोक जास्तीचा आकडा म्हणजे जास्तीचा उजेड समजतात. सर कपाळाला हात लावत. आकडा वाढला की उजेड निळसर होतो आणि उतरला की पिवळा, एवढंच त्याचं म्हणणं. निळसर उजेड डोळ्यात भरतो म्हणून गिऱ्हाईक त्यावर भाळतं. पण त्या उजेडात तांबडं, पिवळं, मातकट सगळं एकाच राखेचं होतं, आणि थंडीत धुकं असलं तर तो धुक्यावरच आपटून परत येतो. अगदी पिवळा घेतला तर वाळलेलं गवत आणि गवताच्या रंगाचं जनावर एकमेकांत विरघळतं. मधला पांढरा शोधायचा. दुपारच्या उन्हाचा पांढरा. तो सापडायला डोळा लागतो, आणि डोळा तर सरांकडे होताच.

सातवीच्या वर्गाला ते हा धडा स्टोअररूममध्ये द्यायचे. दार लावून, एकाच पांढऱ्या कागदावर तीन बॅटऱ्या पाळीपाळीने मारायच्या आणि विचारायचं, कागद कोणत्या रंगाचा? पोरं दर वेळी वेगळा रंग सांगायची. एकदा हेडमास्तर दार उघडून आत आले आणि अंधारात चाळीस पोरं कागदाकडे टक लावून बसलेली बघून काही न विचारताच बाहेर गेले. नंतर स्टाफरूममध्ये मला हळूच म्हणाले की भोयर सर माणूस चांगला आहे, फक्त उन्हात फार फिरतो.

चांगल्या चिपेवर एक छोटा पारदर्शक घुमट असतो. सर तो कापून टाकत. दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे करायचे, एकाने दाढी आणि दुसऱ्याने हे ऑपरेशन. घुमट गेला की उजेड जास्त लांब जातो आणि किंचित पिवळसर होतो. निळसर चीप अशी कापली की बरोबर उन्हाच्या पांढऱ्यावर येते, असा त्यांचा शोध होता. त्या भानगडीत चांगल्या चिपा किती वाया गेल्या त्याचा हिशेब वहिनींनीही सोडून दिला होता. वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. फार बोलत नसत, पण पाहुण्यांना चहा देताना "बशी पाहून घ्या, त्यात चीप असन" असं सांगत.

लांब म्हणजे किती लांब, हे बघायला सरांनी नदीपलीकडची पाण्याची टाकी धरली होती. गच्चीवरून तिन्हीसांजेला टाकीवर उजेड पडला की बॅटरी पास. एकदा टाकीवरच्या चौकीदाराने तक्रार केली आणि एक पोलीस शिपाई चौकशीला आला. मी समजूत घालायला पळत गेलो. जाऊन बघतो तर शिपाई गच्चीवर उभा, सरांची बॅटरी त्याच्या हातात, आणि सर त्याला सांगत होते की रात्रीच्या बंदोबस्तात माणसाच्या शर्टाचा रंग ओळखायचा असेल तर निळसर उजेड कामाचा नाही, उद्या साक्षीत काळा म्हणाल आणि निघेल गडद तांबडा. शिपाई जाताना आपली जुनी बॅटरी दुरुस्तीला ठेवून गेला. तक्रारीचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

हे सगळं गमतीचं. पण या गमतीच्या बुडाशी एक गोष्ट होती, तिला सर गंमत म्हणत नसत. ती म्हणजे त्यांची धाकटी बहीण, सुमनताई.

सुमनताई केळापूरच्या बाजूच्या एका गावात दिलेली. नवरा अकाली गेला, तेव्हापासून शेत तीच करते. कपाशी, तूर आणि विहिरीच्या जोरावर थोडा हरभरा. शेताच्या टोकाला नाला आणि नाल्यापलीकडे लगेच जंगल. थंडीत पंपाला वीज कधी रात्रीची, कधी पहाटेची. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर अंधारातच जावं लागतं, आणि त्या भागात वाघ आहे हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. ताईचा मुलगा नागपूरला नोकरीला. तो दर थंडीत फोन करून म्हणायचा की आई, शेत मक्त्याने दे आणि इकडे ये. ताई दर थंडीत हो म्हणायची आणि पहाटे उठून शेतात जायची.

तेव्हा सरांनी भाच्याला शब्द दिला होता. आईला शेतातून काढू नको. नाल्याच्या काठावर काय उभं आहे ते तिला अर्ध्या शेतातूनच कळेल, असा उजेड मी तिला देतो. कळलं की ती परत फिरेल. भाच्याने मामाच्या शब्दावर मान डोलावली. त्या दिवसापासून सरांची प्रत्येक नवी बॅटरी आधी सुमनताईकडे जायची आणि मग गावात. बाकी आम्ही सगळे त्यांच्या प्रयोगशाळेतली उंदरं होतो. खरं गिऱ्हाईक एकच.

पुढे काय झालं ते इतकं हळू झालं की कोणाच्या लक्षातच आलं नाही. सरांना उजेड पिवळे दिसू लागले. स्वतः कापलेली चीप लावायचे आणि म्हणायचे, ही हळद झाली. दुसरी लावायचे, तीही हळद. कंपन्या माल बिघडवून राहिल्या आहेत असं त्यांनी ठरवलं. घुमट कापणं बंद केलं. आणखी निळसर चिपा मागवायला लागले आणि त्या लावून समाधानाने म्हणायचे, हा आता पांढरा. आम्ही बघायचो तर वेल्डिंगची ठिणगी. पण रंगाच्या बाबतीत भोयर सरांशी वाद कोण घालणार? वाटायचं, आपल्यालाच कळत नसेल.

त्याच काळात सरांचे सदरे बदलले. वहिनी कपडे पिवळे ठेवतात अशी त्यांची कुरकुर सुरू झाली. वहिनींनी नीळ वाढवली. तरी पिवळेच. आणखी वाढवली. शेवटी सर शाळेत यायचे ते आकाशी रंगाच्या सदऱ्यात आणि तसल्याच पायजम्यात, आणि चालायचे मात्र पांढरे कपडे घातलेल्या माणसाच्या ऐटीत. आम्हाला वाटलं, निवृत्ती जवळ आली, हौस करत असतील. शाळेच्या शिपायाने तर त्यांना चांगला रंग निवडला म्हणून सांगितलंही होतं. सरांना वाटलं, तो बॅटरीबद्दल बोलतोय.

सुमनताईला त्यांनी त्या थंडीत सगळ्यात निळी बॅटरी दिली होती. ती दोन-तीनदा फोनवर म्हणाली की यात सगळं राखेसारखं दिसतं. सर म्हणाले, धुकं असेल.

मग एका रविवारी ताई आर्णीला आली. मी सरांच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. ताई आणि वहिनी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि सर नवं पार्सल उघडत होते. ताई हसत हसत सांगत होती. पहाटे मोटर सुरू करायला गेली, तर तुरीच्या ओळीत काहीतरी बसलेलं. बॅटरी मारली. शेजारच्या गणपतची करडी कालवड दिसली. ही कालवड म्हणजे पक्की चोर, दावं तोडून तुरीत शिरायची. ताईने कपाशीची एक वाळकी पऱ्हाटी उचलली, गणपतच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि कालवड हाकायला सरळ तुरीत गेली. अगदी जवळ पोचली तेव्हा कालवड उठली आणि वळून आडवी उभी राहिली. अंगावर पट्टे होते.

इथे ताईचे हात थांबले. शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. वाघाने तिच्याकडे पाहिलं, ती होती तिथे उभी राहिली, आणि मग तो नाल्याकडे निघून गेला. एवढंच झालं. ती पुन्हा शेंगा सोलायला लागली, पण आता हसत नव्हती. वहिनींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

सरांनी पार्सल बाजूला ठेवलं. मग म्हणाले की उजेड तर दुधासारखा होता, तू घाबरली असशील, नीट पाहिलं नसशील.

"दादा, मी तवा भ्यालीच नव्हती, भ्याली मंग," ताई म्हणाली. "मले शिकायत नाई कराची. पण तुह्या लाइटात वाघ करडा दिसते."

सरांनी तीच बॅटरी उचलली आणि दाखवायला आपल्याच सदऱ्यावर मारली. हे बघ, पांढऱ्यावर पांढरा. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"दादा, हा सदरा कोन्त्या रंगाचा हाय?"

"पांढरा."

ताईने वहिनींकडे पाहिलं. वहिनी खाली बघून म्हणाल्या, "अवो, अस्मानी हाय. तुमीच तं म्हणता, नीळ टाक, नीळ टाक."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपराची घडी केली आणि वहिनींचं खरं आहे अशी मान हलवली. 

मग सरांनी आम्हाला घरात बोलावलं आणि चिपांचा डबा काढला. जमिनीवर कागद पसरला, दार लोटून उजेड कमी केला आणि एकेक चीप लावत गेले. वहिनींना म्हणाले, पांढरी कोणती ते तू सांग. वहिनी आधी नको म्हणाल्या. मग त्यांनी एका चिपेवर बोट ठेवलं. ती जुनी होती, सरांनी स्वतः घुमट कापलेली आणि हळद म्हणून टाकून दिलेली. ताईनेही तीच दाखवली. मीही तीच. सर आम्हा तिघांकडे पाळीपाळीने बघत होते, कोणीतरी वेगळं बोलेल या आशेने.

"मंग म्या एवढे दिवस लोकायले काय देल्लं?" ते म्हणाले.

चिडले असते तर बरं झालं असतं. जन्मभर ज्या एका गोष्टीवर ते कोणाचं ऐकत नव्हते, तीच हातातून गेली होती, आणि तिच्यापायी बहीण वाघापर्यंत जाऊन आली होती. मला त्यांचं फार वाईट वाटलं. वहिनींनी चहा केला, तो कोणी धड प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना यवतमाळला घेऊन गेलो. डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला. भिंग पिवळं पडलं आहे, म्हणजे तुम्ही इतकी वर्षं पिवळ्या काचेतून जग बघताय. सर खुर्चीत सरळ बसले. कंपन्या माल बिघडवत नव्हत्या, वहिनी कपडे पिवळे ठेवत नव्हत्या, धुकंही नव्हतं. सगळा दोष आपल्याच भिंगाचा निघाला हे ऐकून माणूस खचेल असं मला वाटलं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं की नवं भिंग कोणत्या छटेचं बसवणार. डॉक्टरांना असा पेशंट पहिल्यांदाच भेटला असावा.

आधी उजवा डोळा झाला. पट्टी निघाल्यावर तपासणीहून परत येताना आम्ही यवतमाळच्या स्टँडवर आलो आणि सर आर्णीच्या लाल गाडीसमोर थबकले. नव्या डोळ्यावर तळवा, मग जुन्या डोळ्यावर तळवा. पुन्हा नवा, पुन्हा जुना. हाताचा कंटाळा आल्यावर नुसतेच डोळे आळीपाळीने मिटू-उघडू लागले. बसमधून कंडक्टर बाई बघत होत्या. त्या खाली उतरून शांतपणे म्हणाल्या, "काका, डोळा मारून झाला असन तं बसा. गाडी सुटून राह्यली." सर मुकाट्याने चढले. वाटेत मला सांगत होते की एका डोळ्याने गाडी कुंकवासारखी आणि एकाने विटेसारखी दिसते. त्या दिवशी ते इतके खूश होते की आर्णीपर्यंत गप्प बसले नाहीत.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र त्यांनी लांबवलं. डॉक्टर रागावले, वहिनी रागावल्या. सरांचं म्हणणं असं की एक नवा आणि एक जुना असे दोन डोळे फार थोड्या लोकांना मिळतात, आणि आपली चूक किती होती हे मोजायला जुना हवा. मग काळा चष्मा लावून, माझ्या गाडीवर मागे बसून ते घरोघर फिरले आणि आपण दिलेल्या निळ्या बॅटऱ्या परत मागू लागले. फुकट चीप बदलून देतो म्हणायचे. लोकांना वाटलं, बॅटऱ्यांत काही स्फोटबिट होणारं असेल. एक किराणावाला तर देईचना. त्याला निळा उजेडच आवडायचा, त्यात शेंगदाणे ताजे दिसतात म्हणे. सरांनी त्याच्याशी अर्धा तास वाद घातला आणि शेवटी त्याचे शेंगदाणेही विकत घेतले, ते खवट निघाले.

सगळ्यात शेवटी राहिली ती सुमनताईची बॅटरी. ती बदलायची त्यांना घाई होती आणि भीतीही होती. चिपा कापून तयार होत्या, पण घरी बसून ठरवायला ते तयार होईनात. एवढ्या वर्षांत त्यांनी ताईला कधी विचारलंच नव्हतं. परक्या माणसाला विचारायचे, पाह्याचं काय हाय. बहिणीच्या बाबतीत आपल्याला ठाऊकच आहे असं धरून चालले होते. लहानात लहान चीप, लांबात लांब उजेड, झालं.

आम्ही तिच्या गावी गेलो ते तुरी पिवळ्या पडायच्या दिवसांत. ताईने दारातच सांगितलं की मुलाचा फोन येऊन गेला, वाघाची गोष्ट त्याला कोणीतरी पोचवली, आणि या खेपेला त्याने मक्त्याला माणूसही बघितला आहे. तिने मुलाला एवढंच म्हटलं होतं की मामा येऊन जाऊ दे. चहा झाल्यावर सर तिच्यासमोर बसले आणि तिला तोच प्रश्न विचारला. ताईने विचार करायला वेळ घेतला नाही.

"नाल्याचा पल्याडचा काठ. आन तिथं कोनी उभं असन तं पुरं उभं दिसलं पाह्यजे. तुही ती दोरी मारली तं नुसती शेपूट दिसते, नाई तं नुसतं कान. कोनाची शेपूट हाय, मी काय सांगू?"

सर माझ्याकडे वळून म्हणाले की बघा, हे मला कोणत्याच खोक्यावर वाचायला मिळालं नसतं. लहान चीप काढली. मधल्या आकाराची, घुमट कापलेली लावली, खोल वाटीत. उजेड टाकीपर्यंत गेला नसता, पण नाल्यापर्यंत जात होता आणि तिथे गाईएवढा पसरत होता.

संध्याकाळी गणपतला विनंती करून त्याची ती चोर कालवड आणि एक तांबडी गाय नाल्याच्या अल्याड, तुरीच्या टोकाला बांधायला लावली. गणपतने का म्हणून विचारलं नाही. कालवडीबद्दल तो मनातून जरा शरमला होता. अंधार पडल्यावर ताईने आधी जुनी निळी बॅटरी मारली. दोन जनावरं, दोन्ही राखेची. सरांनी जुना डोळा उघडा ठेवून बघितलं आणि स्वतःशीच मान हलवली. मग ताईने नवी बॅटरी मारली आणि ती लगेच म्हणाली, डावीकडची तांबडी. सर गणपतला ओरडून म्हणाले, जागा बदल. पुन्हा तिने बरोबर सांगितलं. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी कालवड बसली ती उठेना. सरांनी आपला नवा डोळा असूनही एकदाही स्वतः उत्तर दिलं नाही. ताई सांगायची आणि ते फक्त "बरं" म्हणायचे. भोयर सरांना दुसऱ्याच्या डोळ्याला "बरं" म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आम्ही मुक्काम केला. त्या आठवड्यात पंपाची लाइन पहाटेची होती. मला जाग आली तेव्हा ताई निघून गेली होती आणि सरांचं अंथरूण रिकामं होतं. मी स्लॅबवर गेलो. सर कठड्याशी उभे होते, मफलर कानांवर, डावा तळवा जुन्या डोळ्यावर. खाली शेतात धुकं बसलं होतं. त्यात ताईचा उजेड तेवढा चालत होता, धुऱ्याधुऱ्याने, बांध धरून, नाल्याकडे.

त्यानंतर उन्हाळ्यात सर गेले, झोपेत, कोणाला काही न कळवता. मधल्या काळात आम्ही रोजच भेटलो असणार, गल्ली एकच. पण मला ते आठवतात ते त्या कठड्याशी.

त्या पहाटे चालता चालता उजेड थांबला. नाल्याच्या बाजूला वळला आणि एका जागी स्थिर झाला. आम्हाला इथून फक्त उजेड दिसत होता, त्यात काय उभं आहे ते दिसत नव्हतं. ते फक्त तिलाच दिसणार होतं. उजेड हलेना. सर कठड्यावरून पुढे वाकले. मला हाक मारावीशी वाटली, पण हाक ऐकून तिने मान वळवली तर, म्हणून मारली नाही.

मग शेतातून ताईचा आवाज आला, मोकळा, नेहमीसारखा मोठा.

"दादा, रोही हाय. मादी हाय, तांबडी."

 सरांनी डोळ्यावरचा तळवा काढला आणि बाहीने दोन्ही डोळे पुसले. नव्या डोळ्याला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थोड्या वेळाने मोटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि उजेड हरभऱ्यात फिरू लागला. मी खाली जाऊन चूल पेटवली, चहा ठेवला आणि सरांना हाक मारली. ते शेताकडे तोंड करूनच उभे राहिले.

"थांबा सर," ते मला म्हणाले. "दिवस निंगू द्या, मंग येतो."